बाजारातून आणलेली पिल्लं तिसऱ्या दिवशी का मरतात? घरी कोंबड्या पाळण्याआधी हे समजून घ्या

डिजिटल डेस्क, धामणगाव रेल्वे : दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी भाचा घरी आला, तेव्हा त्याच्या हातात चपलांचं रिकामं खोकं होतं आणि आतून चिवचिव ऐकू येत होती. सहा पिल्लं होती. दोन गुलाबी, दोन हिरवी, दोन जांभळी. घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं. मी खोक्यावर एक बल्ब लावून दिला आणि आम्ही झोपलो.

सकाळी दोन पिल्लं मेलेली होती. दुसऱ्या रात्री आणखी दोन गेली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोकं रिकामं झालं. भाच्यानं विचारलं, "मामा, म्या तं त्याईले तांदूळ देल्ले, पाणी देल्लं. मंग काहून मेले थे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर पशुवैद्यकांना विचारलं, कोंबड्या पाळणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं, वाचलं. तेव्हा कळलं की चूक पिल्लांची नव्हती, विकणाऱ्याची तर अर्धीच होती. मोठी चूक माझीच होती. फेब्रुवारीत पुन्हा दहा पिल्लं आणली. त्यातली नऊ आज अंगणात फिरत आहेत. पहिल्यांदाच पिल्लं आणणाऱ्यांसाठी, या दोन वेळच्या अनुभवातून आणि जाणकारांच्या सल्ल्यातून तयार केलेली ही माहिती.

रंगीत पिल्लं येतात कुठून?

अंड्यांसाठी कोंबड्या तयार करणाऱ्या हॅचरीत जन्मणाऱ्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात. नर अंडी देत नाहीत. या जातीचे नर ब्रॉयलरसारखे झटपट वजनही धरत नाहीत. त्यामुळे हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो. अशी पिल्लं स्वस्तात विकली जातात, रंगवली जातात आणि बाजारात मुलांसमोर येतात.

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरू शकतं. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरवर पाठवता येतात. पण बाजारात येईपर्यंत ही शिदोरी संपत आलेली असते. रंगवताना पिल्लू ओलं होतं, प्रवासात गारठतं, उन्हात तापतं. आपल्या हातात येतं ते आधीच थकलेलं पिल्लू. त्याला घरी ऊब मिळाली नाही, तर बलक संपतो त्याच सुमारास तेही संपतं. तिसऱ्या दिवसाचं गणित हे असं आहे.

मग कोणती पिल्लं आणावीत?

घरच्या अंगणासाठी गावठी किंवा सुधारित जातीची पिल्लं घ्यावीत. आपल्याकडे सहसा पुढील नावं ऐकू येतात.

• गिरिराज : बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेली जात. अंडी आणि मांस दोन्हींसाठी. अंग जड असल्यानं कुत्र्या-मांजरापासून उडून सुटका करून घेणं तिला जमत नाही.

• वनराजा आणि ग्रामप्रिया : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसातल्या कोंबडीपालनासाठी तयार केलेल्या जाती. ग्रामप्रियाचा भर अंड्यांवर आहे.

• कडकनाथ : मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली काळ्या मांसाची कोंबडी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. वाढ हळू होते, त्यामुळे पहिल्या प्रयोगासाठी घाई नको.

• गावठी : अंडी कमी देते, पण स्वतः खुडूक बसते, पिल्लं सांभाळते आणि उकिरडा उकरून पोट भरते.

सुधारित जातींबाबत एक गोष्ट आधीच माहीत असावी. त्या सहसा खुडूक बसत नाहीत. शिवाय त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पुढच्या पिढीत तेच गुण तितकेच टिकत नाहीत. म्हणजे पुढच्या वेळी पिल्लं पुन्हा विकतच आणावी लागतात.

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर इथे आहेत. धामणगावकरांना नागपूर जवळ. पिल्लं कधी मिळतील हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येतं. सल्ल्यासाठी अमरावती जिल्ह्यात दुर्गापूर (बडनेरा) आणि घातखेड इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था आहे.

नवख्या माणसानं दहा ते पंधरा पिल्लांपासून सुरुवात करावी. एकच पिल्लू आणू नये. एकटं पिल्लू सतत ओरडतं, नीट खात नाही आणि रात्री त्याला दुसऱ्याच्या अंगाची ऊबही मिळत नाही.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी काय करायचं?

खोकं आधी तयार हवं, पिल्लं नंतर. आमच्याकडे पहिल्या वेळी हेच उलटं झालं होतं.

फ्रिज किंवा कूलरचं मोठं पुठ्ठ्याचं खोकं दहा-पंधरा पिल्लांना सुरुवातीला पुरतं. एका पिल्लाला पहिल्या चार आठवड्यांत साधारण अर्धा चौरस फूट आणि त्यानंतर एक चौरस फूट जागा धरावी. खोक्याचे चारही कोपरे आतून पुठ्ठा लावून गोल करून घ्यावेत. घाबरली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

तळाला दोन इंच तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा पसरावा. पहिले दोन-तीन दिवस त्यावर पोत्याचं फडकं किंवा खरबरीत कागद अंथरावा, म्हणजे पिल्लं दाण्याऐवजी भुसा खाणार नाहीत. नुसता गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागद नको. त्यावरून पाय घसरतात आणि काही पिल्लांचे पाय कायमचे फाकतात. सोयाबीनचं कुटार घरात असतं म्हणून टाकण्याचा मोह होतो, पण ते ओल धरलं की बुरशी येते. टाकायचंच असेल तर पूर्ण कोरडं असावं.

रात्री खोक्यावर जाळी हवीच. मांजर, मुंगूस आणि घूस यांना पुठ्ठा अडवू शकत नाही. त्यामुळे शक्यतो खोकं बंद खोलीत ठेवावं.

सगळ्यात मोठी चूक : उजेड म्हणजे ऊब नव्हे

आता माझ्या चुकीकडे येतो. पहिल्या सहा पिल्लांवर मी नऊ वॅटचा एलईडी बल्ब लावला होता. खोकं रात्रभर लखलखत होतं आणि पिल्लं आत गारठत होती.

जुना तारेचा पिवळा बल्ब विजेतली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतो, उजेड फार थोडा देतो. म्हणून तर तो घराघरांतून गेला. एलईडीचं काम उलटं. तो वीज कमी घेतो आणि जी घेतो त्यातून उजेड काढतो. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. नाही कळलं.

दहा-पंधरा पिल्लांसाठी ६० वॅटचा तारेचा बल्ब पुरतो. थंडीत १०० वॅटचा लागू शकतो. ढोबळ हिशेब एका पिल्लामागे दोन वॅटचा सांगितला जातो, पण संख्या थोडी असेल तर त्याहून जास्त लागतात. असा बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात मागून घ्यावा लागतो. तो नसेल तर उब देणारा सिरॅमिक दिवा मिळतो, त्याला उजेड नसतो.

खोक्यात बल्बच्या खाली, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर तापमान असं हवं :

• पहिला आठवडा : ३३ ते ३५ अंश सेल्सिअस
• दुसरा आठवडा : ३० ते ३२ अंश
• तिसरा आठवडा : २७ ते २९ अंश
• चौथा आठवडा : २४ ते २६ अंश

त्यानंतर अंगावर पुरेशी पिसं येतात आणि बल्ब काढता येतो. थंडीत आणखी आठवडाभर रात्री लावावा.

दुसऱ्या खेपेला मी तयारीत होतो. तारेचा बल्ब आणला, तापमान दाखवणारं छोटं यंत्र लावलं. आकडा ३४ दाखवत होता आणि मी खूश होतो. आजी खोक्यापाशी आली, आत डोकावली आणि म्हणाली, "काहून रे बाबू, त्या आकड्याकडे काय पाह्यतं? पिल्लायकडे पाह्य न. थंडी वाजून रायली त्याईले."

खरंच, दहाही पिल्लं बल्बखाली एकमेकांना चिकटून ओरडत होती. यंत्राची वायर बल्बजवळ लटकत होती. वर ३४ अंश होते, तळाची फरशी मात्र गार. खोक्याखाली पोतं टाकलं, बल्ब चार बोटं खाली घेतला. दहा मिनिटांत आवाज थांबला.

आजीचं शास्त्र असं :

• पिल्लं बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील, तर थंडी वाजते. बल्ब खाली घ्या.
• बल्बपासून दूर, भिंतीला चिकटून, पंख पसरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील, तर गरम होतं. बल्ब वर घ्या.
• सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूनं वारं लागतं. फट बुजवा.
• खोकंभर पसरलेली, काही खाणारी, काही झोपलेली आणि आवाज मंद असेल, तर सगळं ठीक आहे. झोपायला जा.

म्हणूनच बल्ब खोक्याच्या मधोमध न लावता एका टोकाला लावावा. दुसरं टोक गार राहतं आणि पिल्लू आपली जागा आपणच निवडतं.

वीज गेली तर?

वीज रात्री गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि वरून पोत्यानं तीन बाजू झाका. हवेसाठी चौथी बाजू मोकळी ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, वास येत नाही. तो पिल्लांचाच नाही, त्याच खोलीत झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो.

बल्ब फक्त वायरवर लटकवू नका. दोरीनं वेगळा बांधा. तो भुशात पडला तर आग लागते.

आणि वऱ्हाडातला उन्हाळा?

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा पिल्लांना बल्ब नको, गारवा हवा. पत्र्याखाली खोकं ठेवू नये. खिडकीला ओलं पोतं बांधावं, पाणी दिवसातून तीन-चारदा बदलावं. नवख्यांनी भर उन्हाळा आणि भर पावसाळा टाळून पाऊस ओसरल्यावर किंवा थंडी कमी झाल्यावर सुरुवात केलेली बरी.

आधी पाणी, मग दाणा

पिल्लं घरी आली की पहिल्यांदा पाणी. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा हलकेच पाण्यात बुडवावी, म्हणजे पाणी कुठे आहे हे त्याला कळतं. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ किंवा पशुवैद्यकांकडून मिळणारी इलेक्ट्रोलाइट पावडर घालतात. पाणी कोमट असावं. दोन-तीन तासांनी खाद्य ठेवावं.

आमच्या दहातलं दहावं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं, ते पाण्यात. आम्ही वाटी ठेवली होती. ते आत पडलं आणि भिजून गारठलं. वाटी ठेवायचीच असेल, तर तिच्यात गोटे भरा. पिल्लांसाठीचं उलट्या बरणीसारखं भांडं सगळ्यात चांगलं.

घरात आहे ते खाऊ घातलं तर?

इथेच शेतकरी घरांत चूक होते. नुसते तांदूळ, कण्या किंवा ज्वारी पिल्लाला पुरत नाही. पहिल्या आठवड्यांत त्याला २० ते २२ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. पशुखाद्याच्या दुकानात चिक स्टार्टर किंवा चिक मॅश मागा. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू रोज साधारण १० ते १५ ग्रॅम खातं आणि त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी पितं.

आपल्या भागात तीन गोष्टींपासून जपावं :

• कच्चं सोयाबीन : घराघरांत असतं, प्रथिनंही भरपूर. पण कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो. पिल्लं खातात, तरी वाढत नाहीत. खाद्यात वापरली जाणारी सोयाबीन ढेप उष्णतेची प्रक्रिया केलेली असते.

• सरकी ढेप : गाई-म्हशींना चालते, पिल्लांना नको. सरकीतलं गॉसिपॉल त्यांना बाधतं.

• बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणे : बुरशीचं विष यकृतावर जातं. जनावराला चालतं म्हणून पिल्लाला चालेल, असं समजू नये.

खारट फरसाण, शिळी मसालेदार भाजी हेही नको. चौथ्या आठवड्यानंतर हळूहळू ज्वारीचा भरडा, कोवळा पाला, घोळ-तांदूळजासारखी भाजी सुरू करता येते.

लस : बाटली शंभर पिल्लांची, आपल्याकडे दहा

कोंबड्यांचा सगळ्यात भयंकर रोग मानमोडी. इंग्रजांच्या काळात उत्तराखंडातल्या राणीखेत इथे तो नोंदवला गेला म्हणून त्याला राणीखेत असंही म्हणतात. मान वळते, हिरवी हगवण लागते आणि खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे.

सर्वसाधारण वेळापत्रक असं :

• पहिला दिवस : मॅरेक्स (हॅचरीतच देतात, विचारून घ्या)
• ५ ते ७ दिवस : मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब
• १४ दिवस : गंबोरो
• २८ दिवस : लासोटा पुन्हा
• ६ आठवडे : देवी
• ८ आठवडे : मानमोडीची आर-टू-बी लस, इंजेक्शन

तुमच्या भागातल्या साथीप्रमाणे पशुवैद्यक यात बदल करू शकतात.

अडचण अशी की लसीची बाटली सहसा शंभर मात्रांची असते. ती थंडच ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत वापरावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण फोडणार? म्हणून बहुतेक घरांत लस टळते आणि दोन-तीन महिन्यांनी तेच घर म्हणतं, "रोग आला अन् सगळ्या गेल्या."

आमच्या गल्लीत यावर सोपा मार्ग निघाला. चार घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणली, एक बाटली आणली, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांना थेंब दिले. शेजाऱ्याच्या पिल्लांना लस नसेल, तर आपलीही पिल्लं सुरक्षित नसतात. त्यामुळे हा खर्च वाटून घेण्यात दोघांचाही फायदा आहे.

कोणती लक्षणं दिसली की थांबू नये?

• मागच्या बाजूला विष्ठा चिकटून सुकली असेल, तर कोमट पाण्यानं फडक्यानं पुसा. न पुसल्यास विष्ठेची वाट बंद होऊन पिल्लू मरतं.

• तीन ते सहा आठवड्यांत विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून बसली, तर ती बहुधा रक्ती हगवण. भुसा ओला राहिला की ती पसरते. त्याच दिवशी पशुवैद्यकांकडून औषध घ्या आणि भुसा बदला.

• तोंडावर, तुऱ्यावर फोड आणि खपल्या म्हणजे देवी. ती डासांमुळेही पसरते.

• श्वासात घरघर, मान वाकडी, एका दिवसात दोन-तीन पिल्लं दगावणं : लगेच पशुवैद्यक. सरकारी पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या पाण्यात टाकू नका. मानमोडीसारख्या विषाणूच्या रोगावर त्यांचा उपयोग नाही आणि जिवाणू त्या औषधाला सरावतात. याच कारणानं केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर खाद्यासाठीच्या प्राण्यांत बंदी घातली.

बर्ड फ्लूची भीती किती?

देशातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात याच एच५एन१ विषाणूनं तीन वाघ आणि एका बिबट्याचा जीव घेतला.

घाबरून कोंबड्या सोडून देण्याची गरज नाही. पण कोंबड्या किंवा परिसरातले कावळे अचानक मोठ्या संख्येनं मेले, तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नका, कुत्र्या-मांजरांना घालू नका. चुना टाकून खोल पुरा. अंडी आणि मांस नीट शिजवलं, म्हणजे आतपर्यंत ७० अंश तापमान गेलं, की विषाणू टिकत नाही.

रोजचा नियम साधा आहे. पिल्लांना हात लावला की साबणानं हात धुवायचे. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतो. लहान मुलांनी पिल्लांचा पापा घेऊ नये. नगरपरिषदेच्या हद्दीत राहत असाल, तर पिल्लं आणण्याआधी नियम आणि शेजारी, दोन्ही विचारून घ्या. चार महिन्यांनी कोंबडा पहाटे आरवणार आहे.

परवडतं का?

विजेचं गणित मी मांडलं. ६० वॅटचा बल्ब रात्री १२ तास लावला, तर पाऊण युनिटही होत नाही. चार आठवड्यांचे मिळून साधारण २० युनिट. खरा खर्च खाद्याचा आहे.

लिंग न ओळखता घेतलेल्या दहा पिल्लांत निम्मे कोंबडे निघतील असं धरा. माद्या पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८०, सुधारित जाती त्याहून बऱ्याच जास्त अंडी देतात. चार-पाच कोंबड्यांवर कोणी श्रीमंत होत नाही. पण घरातल्या मुलांना अंडी मिळतात आणि अडीअडचणीला एखादा कोंबडा विकून हातात पैसे येतात. वऱ्हाडातल्या कित्येक बायांचा हाच घरातला स्वतःचा पैसा असतो.

मोठं काही करायचं असेल, तर पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत १०० एकदिवसीय पिल्लं किंवा २५ तलंगा आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर दिला जातो. अर्ज कधी सुरू आहेत, हे पंचायत समितीत विचारावं. पण आधी दहा पिल्लं जगवून बघा.

शेवटचं

खुडूक गावठी कोंबडी घरात असेल, तर यातलं निम्मं काम ती करते. विकत आणलेली एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवली, तर बऱ्याचदा ती आपली म्हणून स्वीकारते. सकाळी मात्र लक्ष ठेवा, चोच मारत असेल तर लगेच काढून घ्या. तिला ना थर्मामीटर लागतो, ना वीज.

भाचा गेल्या आठवड्यात पुन्हा बाजारात गेला होता. रंगीत पिल्लांच्या पाटीपाशी थांबला. त्याच्याएवढाच एक पोरगा चार पिल्लं घेत होता. भाच्यानं त्याला विचारलं, "घरी पिवळा बल्ब हाय का तुह्या? पांढरा नाही चालत."